लाल टोपी घालून या

फूल दिसलं की लोक आधी "किती दिवस टिकतं?" असंच का विचारतात? या आठवड्यात तो प्रश्न पुन्हा कानावर आला. ह्यांचे मामेभाऊ पुण्याहून केपटाऊनला आले आहेत. मागच्या अंगणातल्या लाल डायसा ऐन भरात. भाऊजींनी हौसेने फोटो काढले, घरच्या ग्रुपवर टाकले आणि म्हणाले, "वहिनी, फूल झकास आहे. पण टिकतं किती?"

"दोन-तीन आठवडे."

"एवढंच? मग बाकी वर्षभर काय करता?"

भाऊजी पाहुणे, म्हणून तेव्हा गप्प बसले. इथे बोलते.

बाकी वर्षभर पाणी सांभाळते. कुंडीत मातीऐवजी धुतलेली जाड वाळू असते. डायसाला पावसाचंच पाणी लागतं, कारण पाण्यात क्षार वाढले की तिची मुळं जळतात.  पावसाचं पाणी साठवायची पिंपं मी तिच्यासाठीच मांडली. कुंडी उथळ ताटलीत, पाण्यात उभी ठेवायची. पानांना उजेड भरपूर हवा, मुळं मात्र थंड राहिली पाहिजेत. खत द्यायचं तेही अगदी पातळ करून. तुमच्याकडे आषाढ लागतो तेव्हा इथे हिवाळा आणि पाऊस एकदमच असतात, त्या दिवसांत कुंड्या बदलायच्या. फुलून गेलेलं रोप मरतं, पण त्याआधी जमिनीखाली नवा कंद तयार करून ठेवतं. तो अलगद सोडवून नव्या वाळूत लावला की पुढचं वर्ष सुरू. नोव्हेंबरात दांडा वर यायला लागतो आणि मग रोज सकाळी चहाच्या आधी मी अंगणात जाते. हे सगळे दिवस त्या दोन-तीन आठवड्यांइतकेच माझ्या आनंदाचे असतात. भाऊजी फेब्रुवारीत आले, म्हणून त्यांना फक्त फूल दिसलं.

आता माहिती थोडक्यात. लाल डायसा, म्हणजे डायसा युनिफ्लोरा, ही दक्षिण आफ्रिकेच्या केप भागातल्या डोंगरांवरची जमिनीत वाढणारी ऑर्किड. टेबल माउंटनच्या ओढ्यांकाठी, धबधब्याच्या तुषारात ती जानेवारी ते मार्चमध्ये फुलते. इथला उन्हाळा कोरडा, तरी तिची जागा ओली राहते. डोंगराचा वालुकाश्म हिवाळ्यातलं पाणी हळूहळू सोडत राहतो आणि उन्हाळी आग्नेय वारा माथ्यावर जो पांढरा ढग ओढून आणतो, त्यातूनही दव ठिबकतं. हे पाणी आम्लधर्मी, झाडपाल्यामुळे कोऱ्या चहाच्या रंगाचं असतं. तिचा पहिला संकर इंग्लंडमध्ये व्हीच यांच्या नर्सरीत झाला, 1891 साली. आज बाजारात केशरी, गुलाबी, पिवळ्या डायसा मिळतात त्या अशाच संकरांच्या लेकी-नाती.

पण कुंडीतली डायसा कितीही छान फुलली तरी ती डोंगरावरच बघावी. म्हणून रविवारी भाऊजींना घेऊन किर्स्टनबॉश बागेतून स्केलेटन गॉर्जची चढण चढलो. वर जुन्या धरणांच्या बाजूला ॲक्विडक्ट नावाची ओली घळ आहे. काळ्या ओल्या कातळावर तिथे डायसा ओळीने उभ्या असतात. भाऊजींनी लाल टोपी घातली होती. ऊन वर आलं तसं एक मोठं तपकिरी फुलपाखरू आलं, पंखांवर पिवळे पट्टे आणि निळे डोळे असलेलं. फुलं समोर असताना ते आधी भाऊजींच्या टोपीकडे गेलं. एक फेरी मारली, परत आलं, पुन्हा टोपीवर. भाऊजी श्वास रोखून उभे.

हे एरोपेटेस, इथलं 'माउंटन प्राइड'. त्याला लाल रंगाची विलक्षण ओढ. डोंगर चढणाऱ्यांच्या लाल टोप्या, लाल सदरे, लाल पिशव्या, सगळ्यांकडे ते झेपावतं. उन्हाळ्याच्या अखेरीस या डोंगरांत फुलणाऱ्या डझनभराहून अधिक लाल फुलांचं परागीकरण एकट्या याच्या भरवशावर चालतं. लाल डायसा त्याला मध देते. तिचीच एक बहीण, डायसा फेरुजिनिया, काहीच देत नाही. शेजारी फुलणाऱ्या मधाळ लाल फुलासारखं रूप घेऊन ती त्याला बोलावते आणि आपलं काम करून घेते. स्टीव्ह जॉन्सन या दक्षिण आफ्रिकी शास्त्रज्ञाने 1990च्या दशकात हे सगळं डोंगरावर बसून पाहिलं आणि प्रयोगांनी दाखवून दिलं. त्याच्या अभ्यासाबद्दल मला मनापासून आदर आहे. फूल लाल का, या प्रश्नाचं इतकं नेमकं उत्तर फार थोड्या फुलांना मिळालं आहे.

माझ्या अंगणात हे फुलपाखरू कधी फिरकत नाही. बी हवं तर मला काडीने पराग उचलून दुसऱ्या फुलावर ठेवावे लागतात. एरोपेटेसच्या अळ्या गवतावर वाढतात, साध्या रानगवतावर, ज्याचा फोटो कुणी काढत नाही. म्हणजे डोंगरावर डायसा राहायची तर नुसती तिची रोपं राखून भागणार नाही. ओढा हवा, ढग हवा आणि ते गवतही हवं. ॲक्विडक्टजवळ फोटोसाठी वाट सोडून उतरणाऱ्यांच्या बुटांनी कडेचं गवत पार चेचून निघालं आहे. मला त्याचं खरंच वाईट वाटतं. डायसा तोडायची नाही हे सगळ्यांना माहीत असतं, कारण हे राष्ट्रीय उद्यान आहे. गवतावर पाय देऊ नये हे मात्र कुणी कुणाला सांगत नाही.

तेव्हा जानेवारी-फेब्रुवारीत इकडे येणार असाल तर लाल टोपी जरूर आणा. ॲक्विडक्टला मात्र वाटेवरच उभे राहा. ऊन चांगलं पडलं असेल तर फुलपाखरू तुमच्याकडे येईल.