दुसऱ्या खेपेचं व्हेनिस

मैत्रिणींनो, परदेशातलं एकच गाव पैसे खर्चून दोनदा कोण पाहतं, असं आमच्याकडे हे म्हणाले. तेवढ्याच खर्चात व्हिएन्ना झालं असतं. त्यांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं, पण व्हेनिसचं एक देणं माझ्या डोक्यावर राहिलं होतं.

२०१८ साली आम्ही एका सहल कंपनीबरोबर युरोपला गेलो होतो. व्हेनिसच्या वाट्याला आले चार तास. गाइडबाई छत्री उंच धरून पुढे आणि आमची वरात मागे. व्हेनिसला ४०० हून अधिक पूल आहेत, आणि बहुतेक पुलांना दोन्ही बाजूंनी पायऱ्या. सासूबाईंचे गुडघे तेव्हाही दुखरेच. दुसऱ्याच पुलावर त्यांनी कठडा धरला. "तुम्ही जा गं फिरून, मी बसते इथे," म्हणाल्या, आणि आम्ही खरंच गेलो! अडीच तासांनी परत आलो तर आई धक्क्याजवळ पर्स छातीशी धरून तशाच बसलेल्या. घरी आल्यावर शेजारणींनी विचारलं, व्हेनिस कसं आहे? आई म्हणाल्या, "छान आहे की. दोन उंच खांब आहेत, एकावर सिंह आहे." त्यात तक्रार नव्हती, म्हणूनच मला जास्त लागलं.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत धाकट्या दिरांकडे मिलानला गेलो, तेव्हा मी हट्टच धरला. मिलानहून व्हेनिस रेल्वेने अडीच तासांवर. या वेळी दोन रात्री राहायचंच असं ठरवलं.

तुमच्यापैकी कुणी दुसऱ्यांदा जाणार असाल, किंवा घरातलं वडीलधारं माणूस बरोबर नेणार असाल, तर पहिली गोष्ट मुक्कामाच्या जागेची. स्वस्त खोली पाहू नका, बोटीच्या थांब्यापासून खोलीपर्यंत किती पूल आहेत ते विचारा. पत्त्यावरून काही कळत नाही. गावाचे सहा विभाग आहेत आणि घरांचे नंबर गल्लीप्रमाणे नसून अख्ख्या विभागाला सलग, हजारांत जातात. म्हणून "कोणता थांबा, मध्ये पूल किती?" एवढं लेखी विचारून घ्यावं. आम्हाला वाटेत एकही पूल नसलेली खोली मिळाली, थोडी महाग. हे कुरकुरले, पण बॅगा त्यांनाच उचलायच्या होत्या, त्यामुळे फार नाही.

तिथली बस म्हणजे वापोरेतो, पाण्यावरची मोठी बोट. एका फेरीचं तिकीट ७५ मिनिटं चालतं आणि साडेनऊ युरोला पडतं. इतकं महाग की दिवसाचा किंवा दोन दिवसांचा पास काढणंच परवडतं. दर वेळी चढताना पास धक्क्यावरच्या यंत्राला लावायचा, विसरलात तर दंड. पहिल्या नंबरची बोट मोठ्या कालव्यातून जवळजवळ प्रत्येक थांबा घेत रमतगमत जाते. घाई असलेले तिला नावं ठेवतात. आम्ही मुद्दाम तीच धरली, तीही सकाळी लवकर. आईंना बाहेरची जागा मिळाली. दोन्ही बाजूंचे वाडे, भाजीच्या होड्या, धुण्याच्या गाठोड्यांची होडी, सगळं बसल्या जागी समोरून जात होतं. आई एकदम म्हणाल्या, "अगं, यांच्याकडे कचऱ्याची गाडीसुद्धा बोटच!"

मासळीबाजार रिआल्तोला सकाळी भरतो, रविवारी-सोमवारी बंद. तिथून जवळच मोठा कालवा ओलांडायला त्राघेत्तो मिळतो, म्हणजे साध्या मोठ्या गोंडोल्यातली तर. दोन युरो द्यायचे आणि पलीकडे उतरायचं. शृंगारलेल्या गोंडोल्याचा सरकारी दर दिवसा अर्ध्या तासाला ९० युरो आहे. १९७९ च्या 'द ग्रेट गॅम्बलर'मधलं गाणं पाहून ज्यांना त्यात बसायचंच आहे त्यांनी जरूर बसावं, दर मात्र आधी ठरवून. आम्ही तरीवर भागवलं.

गाव उंचावरून पाहायचं तर सान मार्कोच्या मनोऱ्यापाशी रांगेत उभं राहू नका. समोर पाण्यापलीकडे सान जॉर्जो माज्जोरे हे बेट आहे. बोट देवळाच्या पुढ्यातच लागते, वाटेत पूल नाही, आणि घंटाघरात वर जायला लिफ्ट आहे. वरून आईंनी ते दोन खांब शोधून काढले. "तिथेच बसले होते ना मी?" एवढंच म्हणाल्या. मी हो म्हटलं आणि फोटो काढत राहिले.

देवळांत जाताना खांदे झाकलेले हवेत, म्हणून ओढणी जवळ ठेवा. शाकाहारी मैत्रिणींनी 'बिगोली इन साल्सा' या नावाला फसू नये. नुसता कांदा दिसतो, पण त्यात खारवलेले मासे विरघळवलेले असतात. पोलेंता म्हणजे मक्याच्या रव्याची उकड, ती आईंना चालली, वर आपली लसणाची चटणी घालून. कॉफी काउंटरपाशी उभ्याने घ्या, बसलात की दर वाढतो. पिण्याच्या पाण्याचे नळ चौकाचौकांत आहेत, बाटल्या विकत घेऊ नका.

ऑक्टोबर ते जानेवारी भरतीचं पाणी गावात शिरण्याचा संभव असतो. नोव्हेंबर २०१९ मध्ये ते १८७ सेंटिमीटरपर्यंत चढलं होतं. २०२० पासून समुद्राच्या तोंडाशी उचलते दरवाजे वापरात आले, त्यामुळे मोठं पाणी अडतं. तरी रबरी चपला बॅगेत असू द्याव्या. २०२४ पासून ठरावीक दिवशी, नुसतं दिवसापुरतं येणाऱ्यांना प्रवेशशुल्क भरावं लागतं. मुक्काम करणाऱ्यांना माफ आहे, पण नोंद आधी करावी लागते.

दुसरा दिवस बुरानोला ठेवला होता. फोंदामेन्ते नोव्हेच्या धक्क्यावरून १२ नंबरची बोट जाते, पाऊण तास लागतो. रंगीत घरं सगळ्यांना माहीत असतात. मला आईंना लेस दाखवायची होती. तिथे १८७२ साली लेस शिकवणारी शाळा निघाली, त्याच इमारतीत आता संग्रहालय आहे. ना क्रोशाची सुई, ना रिळं, नुसती शिवायची सुई आणि दोरा. कागदावरच्या नक्षीवर टाके घालत जायचं आणि शेवटी कागदापासून लेस सोडवून घ्यायची. एकेकीचा एकेक टाका ठरलेला, म्हणून एक तुकडा अनेक हातांतून फिरे. दुकानांतली स्वस्त लेस बहुतेक यंत्राची आणि बाहेरची असते, हे लक्षात ठेवा.

आईंनी आयुष्यभर क्रोशाची तोरणं विणली. काचेला नाक लावून त्या तासभर टाके मोजत होत्या. हे बाहेर दोनदा घड्याळ दाखवून गेले, मी लक्षच दिलं नाही. नंतर एका दुकानात खऱ्या हातच्या कामाचा वितभर रुमाल त्यांनी हातात घेतला, किंमत ऐकली आणि अलगद परत ठेवला.

"घरी गेल्यावर करून बघते," म्हणाल्या.

परतीच्या बोटीला चारनंतर फार गर्दी होते. आम्ही तीनलाच रांगेत लागलो, म्हणून आईंना बसायला मिळालं.