घरांतील यंत्रें : फ्रीजमधील बर्फ कां थांबतो?

वैशाखाचें ऊन तापूं लागलें म्हणजे अहिल्यानगर जिल्ह्यांतील घरोघरीं बर्फाची आठवण होते, आणि नेमकें त्याच वेळीं फ्रीजमधील आपोआप बर्फ पाडणारें यंत्र रुसून बसतें. यंत्रच बिघडलें असें समजून कारागिरास बोलावणें जातें व नव्या भागांचा खर्च माथीं येतो. आमचें सांगणें असें कीं, पुष्कळदां दोष यंत्राचा नसून त्यास मिळणाऱ्या पाण्याचा असतो.

या यंत्राची क्रिया साधी आहे. मागील नळींतून आलेलें पाणी विजेच्या व्हॉल्व्हमधून क्षणभर साच्यांत सुटतें. तें गोठलें कीं खडे खालच्या भांड्यांत पडतात. भांडें भरलें म्हणजे दांडा वर अडून काम थांबतें. म्हणून प्रथम दांडा खालीं आहे ना, आणि बर्फाच्या कप्प्यांत उणे १८ अंशांच्या आसपास थंडी आहे ना, हें पाहावें.

नंतर दाब पाहावा. आपल्याकडे नळास ठराविक वेळींच पाणी येत असल्यानें तें गच्चीवरील टाकींत सांठवितात. टाकींतील पाणी १० मीटर उंच असेल, तेव्हां कोठें दर चौरस सेंटिमीटरास १ किलो दाब मिळतो; बैठ्या घरांत तो निम्माही नसतो. नळास जोडलेल्या बहुतेक यंत्रांस मात्र निदान १.४ किलो लागतो. दाब अपुरा पडला कीं खडे लहान होतात. शिवाय व्हॉल्व्ह घट्ट मिटत नाहीं, आणि ठिबकणारें पाणी नळींतच गोठून वाट बंद होते. अशा घरीं लहानसा दाबाचा पंप बसवावा. नुसता व्हॉल्व्ह बदलून गुण येणार नाहीं.

तिसरी गोष्ट क्षारांची. नगर शहरास मुळा धरणाचें पाणी मिळतें. परंतु जेथें बोअरच्या जड पाण्यावर भिस्त आहे, तेथें व्हॉल्व्हच्या तोंडाशीं असलेल्या बारीक जाळींत क्षार बसतात. प्लग काढून व पाणी बंद करून ती जाळी सोडवावी, लिंबाच्या रसांत भिजवावी आणि मऊ ब्रशानें धुवावी. फिल्टर साधारणतः सहा महिन्यांनीं बदलावा. गोठलेल्या नळीस सुरी वा सळई लावूं नये; जिन्नस बाहेर काढून, प्लग काढून, कांहीं तास दार उघडें ठेवलें कीं ती मोकळी होते.

एवढ्यानेंही बर्फ न पडेल, तर विजेच्या भागांस हात न लावतां जाणत्या कारागिरास बोलवावें. दाब पाहिला आहे व जाळी धुतली आहे, असें जी गृहिणी त्यास सांगूं शकते, तिच्या घरीं नको तो भाग सहसा बदलला जात नाहीं.