चपळ पायांना महाग बूट कशाला?



अमेरिकेत हायस्कूल बास्केटबॉलचा हंगाम नोव्हेंबरात सुरू होतो आणि त्याच्या महिनाभर आधी आपल्या घराघरांत वाद सुरू होतो: दोनशे डॉलरचे बूट घ्यायचे की नाही? माझी मुलगी शाळेच्या संघात पॉइंट गार्ड आहे, त्यामुळे हा वाद आमच्याकडेही दरवर्षी रंगतो. माझे मत स्पष्ट आहे. गार्डला महाग बुटांची गरज नसते. यात कंजूषपणा नाही, साधे पदार्थविज्ञान आहे.

बास्केटखालचा उंच, वजनदार खेळाडू उडी मारून आदळतो. त्याला जाड गादी उपयोगी पडते. गार्ड मात्र धावतो, एकदम थांबतो, दिशा बदलतो. त्याला तीनच गोष्टी हव्यात: तळव्याची पकड, बुटात पाय न सरकणे आणि जमिनीलगतची बैठक. पाय जितका उंचावर, तितका घोटा मुरगळणे सोपे. पैसे मात्र आपण बहुधा मोजतो ते गादीचे, हवेच्या पिशव्यांचे आणि बुटावरच्या नावाचे.

२००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका ऑस्ट्रेलियन अभ्यासात टाचेत हवेच्या पिशव्या असलेले बूट घालणाऱ्यांत घोट्याच्या दुखापतीची शक्यता ४.३ पट आढळली. "उंच गळ्याचा बूट घोटा वाचवतो" हेही आपण गृहीत धरतो. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात कॉलेजच्या ६२२ खेळाडूंना चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे उंच किंवा बुटक्या गळ्याचे बूट दिले होते. दुखापतींत लक्षणीय फरक दिसला नाही. एकूण दुखापती १५च होत्या, म्हणून तो शेवटचा शब्द नव्हे. पण २०११ साली विस्कॉन्सिनमधल्या १,४६० शालेय खेळाडूंचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात नाडीने बांधायचे घोट्याचे पट्टे वापरणाऱ्यांत दुखापती सुमारे एक तृतीयांशावर आल्या. असा पट्टा महाग बुटापेक्षा कितीतरी स्वस्त पडतो.

किंमत आणि खेळ यांचा संबंध किती, हे स्टेफन मारबरीने २००६ साली दाखवले. न्यूयॉर्क निक्सचा हा गार्ड स्वतःच्या नावाचे १४.९८ डॉलरचे बूट घालून एनबीएत खेळला. ते विकणारी दुकानांची साखळी २००८ साली दिवाळखोरीत गेली, पण म्हणून त्याचा मुद्दा खोटा ठरत नाही.

मग घ्यायचे काय? मोठ्या कंपन्यांचे गार्डसाठीचे बूट दरवर्षी बदलतात. नवे आले की गेल्या वर्षीचे उतरत्या भावात मिळतात. तेच बघा. दुकानात संध्याकाळी जा, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात. खेळताना घालायचे मोजे बरोबर न्या. नाडी बांधून झटकन आडवे वळायला सांगा. टाच उचलली गेली किंवा पाय कडेला सरकला, तर तो बूट परत ठेवा. आपली "वाढत्या अंगाचे घेऊ" ही सवय शाळेच्या गणवेशासाठी ठीक, इथे नको. अंगठ्यापुढे बोटभर जागा पुरे. पाय लहान असेल तर मुलांच्या मापाचा तोच बूट कमी किमतीत मिळतो. फक्त तळवा तसाच आहे का, ते पाहा. सिमेंटच्या कोर्टवर मऊ रबर लवकर झिजते, तिथे कडक तळव्याचा बूट घ्या. जिममधल्या धुळीने पकड जात असेल, तर ओल्या फडक्याने तळवा पुसणे हा फुकटचा उपाय आहे.

आणखी एक गोष्ट मला खटकते. संघात तासावर मजुरी करणाऱ्यांचीही मुले असतात. आपली मुले दोनशे डॉलरचे बूट घालून आली की संघात तेच माप ठरते, आणि त्या घरांत जो वाद होतो तो आपल्या वादापेक्षा फार कडू असतो. पुरावा मागण्याची सवय आपण कामाच्या ठिकाणी रोज पाळतो. ती बुटांच्या दुकानाच्या दारात का सोडावी? वाचलेल्या पैशांत आधी घोट्याचा पट्टा घ्या. त्यातूनही काही उरले, तर प्रशिक्षकांना गाठून एखाद्या मुलाची फी नाव न सांगता भरून टाका.