अंगण खरंच वाकडं असतं



यंदाच्या दिवाळीत मी पुतण्याचं मन दुखावलं. पुण्याहून येताना त्याने माझ्यासाठी हौसेने भेट आणली होती. निळ्या प्लॅस्टिकच्या पेटीत 108 नगांचा टूल सेट! जपमाळेत मणी असतात तेवढे नग, आणि सगळे आरशासारखे चमकणारे. "काका, तुम्ही अजून स्वतःच गाडी खोलता ना, म्हणून आणला." मी त्यातला 14 चा पाना काढला, माझ्या डब्यातल्या एका कोऱ्या बोल्टवर लावून पाहिला, हलवून पाहिला, आणि पेटी बंद करून त्याच्या हातात परत दिली. घरात एकदम शांतता. शेवटी सौ. म्हणाली, "अहो, कुणी प्रेमाने आणलेली वस्तू अशी परत करतात का?"

नाही करत. मान्य. पण का केली ते त्या दिवशी सगळ्यांसमोर सांगता आलं नाही. नंतर फोनवर एकेका नातेवाइकाने माझी कानउघाडणी केली. "पाना तो पाना, त्यात काय एवढं?" "आता या वयात कशाला गाडी खोलायची, गॅरेज आहे की." आणि मेहुण्यांनी तर माझ्याच शाळेतली म्हण मला ऐकवली, "नाचता येईना अंगण वाकडं." म्हणजे कारागीर कच्चा असला की तो हत्याराला नावं ठेवतो. चाळीस वर्षं ही म्हण मीच फळ्यावर लिहिली आहे. म्हणून आज सगळ्यांना एकदमच उत्तर देतो.

मंडळी, अंगण कधीकधी खरंच वाकडं असतं.

मणिबेलीला नेतो तुम्हाला. नंदुरबार जिल्ह्यातलं, अक्कलकुवा तालुक्यातलं नर्मदाकाठचं गाव. विधानसभेचा मतदारसंघ क्रमांक एक अक्कलकुवा, आणि त्यातलं पहिलं मतदान केंद्र मणिबेलीचं. म्हणजे महाराष्ट्राची मोजणी जिथून सुरू होते ते गाव. सरदार सरोवराचं पाणी महाराष्ट्रात पहिल्यांदा शिरलं तेही इथेच, 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला. तेव्हा नंदुरबार जिल्हाही नव्हता, आम्ही धुळे जिल्ह्यात होतो. पुढे धरणाची उंची वाढत गेली, 2019 मध्ये ते 138.68 मीटरपर्यंत पूर्ण भरलं. काही कुटुंबं पुनर्वसनाच्या वसाहतींत गेली, काही डोंगरावर वर सरकून तिथेच राहिली. माझा एक जुना विद्यार्थी त्या राहिलेल्यांतला.

सातपुड्यातल्या एका आश्रमशाळेत तो माझ्या हाताखाली शिकला. निवृत्तीनंतर मी तळोद्याला स्थायिक झालो, तरी त्याचं येणंजाणं राहिलं. त्याने जुनी हिरो होंडा घेतली तेव्हा पेढे घेऊन आला. त्या पाड्यावरची ती पहिली गाडी. मला इतका आनंद झाला की मी लगेच बाजारात गेलो आणि त्याला एक टूल सेट भेट दिला. पेटीतला, चमकणारा, स्वस्त. "हे घे, आता कुणावर अवलंबून राहू नकोस," असं वर भाषणही केलं. मास्तरच मी!

2018 च्या फेब्रुवारीतली गोष्ट. त्याच्या आईला रात्री धाप लागली. गाडीवर मागे बसवून न्यायचं ठरलं, तर मागचं चाक पंक्चर. त्यात विशेष काही नाही. पंक्चर काढायचं सामान त्याच्याकडे होतं, कामही येत होतं. चाक काढायला एक्सलचा नट सोडवायचा, 19 चा. मी दिलेल्या पेटीतला 19 चा पाना त्याने लावला आणि जोर दिला. पान्याचं तोंड फाकलं. पुन्हा लावला, पुन्हा जोर दिला. या वेळी नटाचे कोपरेच गेले, नट गोल झाला. मग पक्कड, मग छिन्नी आणि हातोडी. बॅटरीच्या उजेडात दोन तास. शेवटी चौघांनी म्हातारीला बांबूच्या झोळीत घातलं, खाली पाण्यापर्यंत नेलं आणि उजाडायची वाट पाहत बोटीजवळ बसले.

म्हातारी वाचली. नंतर काही वर्षं जगलीही. पण ती रात्र मला पंधरा दिवसांनी कळली, आणि तीही त्याने तक्रार म्हणून सांगितली नाही. उलट म्हणाला, "गुरुजी, माझ्याच्याने जोर जास्त लागला. तुमचा पाना मोडला." पोराला माझीच माफी मागावीशी वाटली! मेहुण्यांची म्हण त्याने स्वतःला लावून घेतली होती. नाचता येत होतं त्याला, चांगलं येत होतं. अंगण वाकडं होतं, आणि ते मी दिलं होतं.

आता "पाना तो पाना" म्हणणाऱ्यांसाठी थोडा भूमितीचा तास घेतो, चालेल ना?

नटाला सहा बाजू. 19 चा नट म्हणजे समोरासमोरच्या दोन सपाट बाजूंमधलं अंतर 19 मिलिमीटर. पाना नीट बसला तर तो त्या सपाट बाजूला धरतो. अर्धा मिलिमीटर जरी सैल असला तरी तो नटावर फिरतो आणि सगळा जोर कोपऱ्यावर येतो. कोपरा म्हणजे नटाचा सगळ्यात नाजूक भाग. तो एकदा झिजला की जगातला उत्तम पानाही त्यावर घसरतो. म्हणून वाईट पाना नुसता स्वतः मोडत नाही, तो नटाचंही वाटोळं करून जातो. वाईट पेनाने अक्षर वाईट येतं, पण कागद तरी शाबूत राहतो. इथे कागदच फाटतो.

दुसरं पोलादाचं. चांगला पाना क्रोम व्हॅनेडियमसारख्या मिश्र पोलादाचा, तापवून ठोकून घडवलेला आणि नंतर योग्य तेवढं पाणी दिलेला असतो. कठीणही हवा आणि थोडा चिवटही. स्वस्त पेटीत बहुधा मऊ लोखंडावर चकाकीचा मुलामा असतो. मऊ असेल तर तोंड फाकतं, ठिसूळ असेल तर तुटतं, आणि तुटताना बोटं सोलून जातात. पान्यावर "क्रोम व्हॅनेडियम" कोरलेलं असलं म्हणून फसू नका. अक्षरं कोरायला पैसे पडत नाहीत. आपल्याकडे फिक्स पान्याला आयएस 2028 आणि रिंग पान्याला आयएस 2029 अशी भारतीय मानकं आहेत. कुणी कंपनी आपलं नाव लावून त्यांना धरून माल बनवत असेल तर तिला पुढे तोंड दाखवायचं असतं. बिननावाच्या पेटीला तोंडच नसतं.

आणि चांगला पाना काही विलायतेहून आणायचा नाही. आपल्या नाशिकला, सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत टपारियाचे पाने होतात. स्वीडिश कंपनीच्या तांत्रिक सहकार्याने 1969 मध्ये त्यांनी हत्यारं बनवायला सुरुवात केली. पंजाबात जालंधर, लुधियाना तर हत्यारांची मोठी केंद्रंच. माझा कुणाशी काही लागाभागा नाही, मला कमिशन मिळत नाही. मात्र नावाजलेल्या मालाचीही नक्कल होते, म्हणून दुकान विश्वासाचं हवं.

मी स्वतः दुकानात जाताना खिशात 10, 14 आणि 17 चा पाना लागणारे तीन कोरे बोल्ट नेतो. पाना बोल्टवर लावायचा आणि हलवायचा. खुळखुळला की परत. रिंगच्या आतले दात बोटाने चाचपायचे, सगळे सारखे आणि स्वच्छ हवेत. दुकानदार वैतागतो. वैतागू दे. आपण साडी घेताना अख्खं दुकान उलगडायला लावतो, तेव्हा नाही कुणाला लाज वाटत.

आता "परवडलं पाहिजे ना" हा आक्षेप. तो मात्र खरा आहे, त्याला मी मान देतो. मणिबेलीत पैसा वर्षातून मोजक्याच वेळा हातात येतो. पण म्हणूनच तर! ज्याच्याकडे पैसा कमी त्याने एकच वस्तू तीनदा विकत घेणं सगळ्यात वाईट. 108 नगांपैकी तुमच्या मोटारसायकलला लागतात किती? मी हिशेब केला. रिंग पाने 8-9, 10-11, 12-13, 14-15, 16-17 आणि 18-19. त्याच मापांचे फिक्स पाने. एक प्लग पाना. एक दणकट पक्कड. दोन स्क्रू ड्रायव्हर, एक चपटा आणि एक चौफुलीचा. संपलं. दीड डझनही होत नाहीत. पुतण्याने दिलेल्या किमतीत यातले अर्ध्याहून जास्त उत्तम दर्जाचे आले असते. बाकीचे महिन्याला एक असे घ्या. हत्यारं काही पळून जात नाहीत.

चौफुलीच्या स्क्रू ड्रायव्हरचं मुद्दाम सांगतो. जपानी घडणीच्या गाड्यांच्या स्क्रूचा चर आपल्या नेहमीच्या ड्रायव्हरच्या टोकाहून थोडा वेगळा असतो. टोक पूर्ण तळाशी बसत नाही, जोर दिला की वर उसळतं आणि स्क्रूचं डोकं खरवडतं. जपानी मापाचं टोक मागून घ्या. मिळतं.

कुठे पैसे वाचवावेत तेही सांगतो, नाहीतर म्हणाल म्हातारा नुसता उधळ्या आहे. हातोडी गावच्या लोहाराकडची उत्तम. ऑइल काढायला फुटका डबा, धुवायला जुना दात घासायचा ब्रश, ठेवायला गोणपाटाची पिशवी. जिथे धातू नटाला धरतो तिथे मात्र कंजुषी नको. सरकत्या जबड्याचा स्क्रू पाना "एकच घ्या, सगळ्याला चालतो" म्हणून खपवतात. नळाला चालतो, इंजिनाला नाही. आणि चांगला पानाही वेड्यासारखा वापरला तर काय करणार? गंजलेल्या नटावर रात्रभर रॉकेल किंवा डिझेल सोडा. आधी रिंगने सैल करा, मग फिक्सने फिरवा. छोटा पाना आखूड असतो तो मुद्दाम, म्हणजे लहान बोल्टवर जास्त जोर येऊन आटे जाऊ नयेत. त्याला पाइप लावून लांब करू नका.

राहिला शेवटचा आक्षेप, "गॅरेज आहे की." हा आक्षेप शहरातलाच माणूस घेऊ शकतो. गॅरेज जिथे रस्ता आहे तिथे असतं. मणिबेलीपासून धरणाच्या खालच्या अंगाला 182 मीटर उंचीचा पुतळा आहे, तो पाहायला देशभरातून माणसं येतात. वर डोंगरातल्या पाड्यावर 19 चा पाना विकत मिळत नाही. ज्याच्या दारात मेकॅनिक येत नाही त्याच्यासाठी पाना म्हणजे औषधाच्या पेटीइतकी गरजेची वस्तू, आणि आपण त्याला खेळणं देतो. त्यात मीही आलो.

मास्तर म्हणून आणखी एक कबुली. 1937 मध्ये वर्ध्याला गांधीजींनी हाताच्या कामातून शिक्षणाची गोष्ट मांडली. कोठारी आयोगाने 1966 च्या अहवालात कार्यानुभवाची शिफारस केली. डॉ. श्रीनाथ कलबागांनी 1983 मध्ये पाबळला विज्ञान आश्रम काढून खेड्यातल्या मुलांच्या हातात खरी हत्यारं दिली. आणि आम्ही कार्यानुभवाच्या तासाला काय केलं? राख्या आणि कागदी फुलं! माझ्या चाळीस वर्षांत एकाही मुलाला मी चांगला आणि वाईट पाना शेजारी ठेवून दाखवला नाही. दाखवला असता तर त्या पोराने मी दिलेली पेटी तिथल्या तिथे परत केली असती. कदाचित. मान ठेवून घेतलीही असती... आपली मुलं गुरुजींना नाही म्हणत नाहीत, हाही आमचाच गुण.

त्या उन्हाळ्यात मी पेन्शनमधून वर सांगितलेली हत्यारं घेतली आणि बोटीने मणिबेलीला जाऊन त्याला दिली. या वेळी भाषण केलं नाही. त्याने ती सगळ्या पाड्याची म्हणून ठेवली आहेत. शेजारी एक वही टांगली आहे, कोणी काय नेलं ते तिच्यात लिहायचं. मागच्या खेपेला वही चाळली. सगळ्यात जास्त वेळा उसना गेलेला पाना कोणता असेल? 18-19. सात वर्षं झाली, तोंड जसंच्या तसं आहे.

तर पुतण्या, तू हे वाचतोस हे मला माहीत आहे. तुझ्या प्रेमाला मी नाही म्हटलेलं नाही. पेटी परत कर, जमलं तर पैसे वसूल कर, आणि कुणालाही ती भेट म्हणून देऊ नकोस. पुढच्या दिवाळीला मला फक्त एक चांगला 16-17 चा रिंग पाना आण. माझा मणिबेलीला गेला आहे.

असो. बाकी क्षेम.