दंड सारखा, भार वेगळा : मैदानावरची धडक आणि समानतेचा हिशेब



गेल्या थंडीत हेंद्रेपाड्याजवळच्या एका टर्फवर रात्रीची फुटबॉल स्पर्धा होती. सात-सात जणांचे संघ, प्रवेश फी, बक्षिसाला ट्रॉफी आणि रोख रक्कम. एका सामन्यात दोन पोरं एकाच बॉलवर धावत गेली आणि एकमेकांवर आदळली. पहिली धडक खेळातली होती, दुसरी मात्र मुद्दाम. एकाने कोपर मारले, दुसऱ्याने पाय घातला. पंचाने दोघांना बाहेर काढले आणि कमिटीने जागच्या जागी प्रत्येकी हजार रुपये दंड ठोकला. दंड भरल्याशिवाय पुढची मॅच नाही.

एका पोराने खिशातून फोन काढला आणि मिनिटाभरात पैसे पाठवले. त्याच्या वडिलांचे दुकान आहे. दुसरा एमआयडीसीत कंत्राटी कामगार, रोजचे साडेपाचशे. त्याच्यासाठी हजार रुपये म्हणजे जवळजवळ दोन दिवसांची हजेरी. तो काही बोलला नाही. जर्सी काढून घडी घातली, कॅप्टनच्या हातात दिली आणि चालता झाला.

आम्ही तिथेच उभे होतो. कुणीतरी आमचे मत विचारले तेव्हा आम्ही म्हणालो, "नियम सगळ्यांना सारखा आहे ना, मग झालं." समाजशास्त्रात एम.ए. केलेल्या, रविवारी विहारात अभ्यासवर्ग घेणाऱ्या माणसाच्या तोंडून हे वाक्य निघाले. हा लेख आधी आमच्या त्या वाक्याविरुद्ध आहे.

पुढच्या अभ्यासवर्गात हा विषय निघाला तेव्हा पोरांनी थेट आयपीएल काढले. बरेच झाले, कारण तिथले आकडे सगळ्यांसमोर आहेत.

२०२५च्या हंगामापासून आयपीएलमध्ये प्रत्येक खेळाडूला करारातल्या रकमेशिवाय सामन्यामागे साडेसात लाख रुपये मॅच फी मिळते. दंड बसतो तो या मॅच फीच्या टक्क्यांत. त्याच हंगामात लखनौच्या दिग्वेश राठीने विकेट घेतल्यावर हवेत वही धरून सही करण्याची नक्कल केली. पहिल्यांदा २५ टक्के, दुसऱ्यांदा ५० टक्के दंड झाला. मे महिन्यात हैदराबादच्या अभिषेक शर्माशी त्याची जुंपली तेव्हा पुन्हा ५० टक्के आणि वर एका सामन्याची बंदी. अभिषेकला २५ टक्के. राठीचे हे तिसऱ्यांदा होते, त्यामुळे त्याला जास्त शिक्षा झाली याबद्दल आमची तक्रार नाही. आमची तक्रार टक्का कशाचा, याबद्दल आहे.

हिशेब करून बघा. राठीला लिलावात ३० लाख मिळाले होते. त्या हंगामातल्या त्याच्या १३ सामन्यांची मॅच फी धरली तर एकूण साधारण सव्वा कोटी. म्हणजे तो काही गरीब नाही, हे आधीच कबूल करतो, नाहीतर कुणीतरी म्हणेल की आम्ही करोडपतीसाठी रडतो आहोत. त्याच संघाचा कॅप्टन ऋषभ पंत २७ कोटींचा, वर मॅच फी. आता समजा दोघांनी एकच गुन्हा केला आणि दोघांना ५० टक्के दंड झाला. दोघेही पावणेचार लाख भरणार. राठीच्या हंगामाच्या कमाईतले जवळपास ३ टक्के गेले, पंतच्या कमाईतले ०.१३ टक्के. कागदावर दोघांच्या नावापुढे ५० टक्केच लिहिलेले आहे, पण एकाला दुसऱ्याच्या बावीस पट ओझे.

टक्का म्हटला की वाटते, ज्याची जास्त कमाई त्याचा जास्त दंड. पण मॅच फी सगळ्यांची सारखी आणि खरी कमाई करारात आणि जाहिरातीत, तेव्हा हा टक्का म्हणजे ठोक रक्कमच. आमच्या टर्फवरच्या हजार रुपयांना टक्क्याचा कोट घातला, एवढाच फरक.

शरीराच्या धडकेचे उदाहरण हवे असेल तर २६ डिसेंबर २०२४, मेलबर्न. पहिलीच कसोटी खेळणारा १९ वर्षांचा सॅम कॉन्स्टास पिचवरून चालला होता आणि विराट कोहलीने त्याला खांदा मारला. शिक्षा काय, तर मॅच फीच्या २० टक्के आणि एक डिमेरिट पॉइंट. कसोटीची मॅच फी १५ लाख, म्हणजे ३ लाख रुपये. कोहलीसारख्या माणसाला ३ लाख ही शिक्षा आहे की खांदा मारण्याचा भाव? भाव परवडला की माणूस वस्तू पुन्हा घेतो.

आता आपल्या महाराष्ट्रातले बघा. फेब्रुवारी २०२५, अहिल्यानगर, महाराष्ट्र केसरी. पृथ्वीराज मोहोळने आपल्याला चितपट केले हा पंचांचा निर्णय शिवराज राक्षेला मान्य नव्हता. त्याने पंचाची कॉलर धरली, लाथ मारली. कुस्तीगीर संघाने त्याला तीन वर्षांसाठी निलंबित केले. पंचाला लाथ मारणे हे खांदा मारण्यापेक्षा कितीतरी गंभीर आहे, त्याचे समर्थन आम्ही करणार नाही. पण पैलवानाच्या आयुष्यात तीन वर्षे म्हणजे काय, हे तालमीत जाऊन विचारा. जिथे पैसा नाही तिथे शिक्षा शरीराची आणि वयाची होते. जिथे पैसा आहे तिथे ती सुट्ट्या पैशात मिटते.

हा मामला आपल्यापुरता नाही. अमेरिकेतला फुटबॉल म्हणजे हेल्मेट घालून एकमेकांवर आदळण्याचा खेळ. ऑक्टोबर २०१० मध्ये पिट्सबर्गच्या जेम्स हॅरिसनने क्लीव्हलँडच्या मोहम्मद मासाक्वाला अशी धडक दिली की त्याच्या मेंदूला मार बसला. लीगने हॅरिसनला ७५,००० डॉलर दंड केला. आणि त्याच धडकेचा फोटो लीगच्याच वेबसाइटवर विकायला होता! बोंबाबोंब झाल्यावर काढला. तिथे खेळाडूंमध्ये निम्म्याहून जास्त काळे, मालक जवळजवळ सगळे गोरे. धडक जाहिरातीत दाखवायची, तिच्यावर तिकिटे विकायची, आणि डोके फुटले की दंड धडक देणाऱ्याने भरायचा.  दंडाचा पैसा तिथे धर्मादाय कामाला जातो, हे खरे. तरी धंदा कुणाचा आणि दंड कुणाला, हा प्रश्न राहतोच.

अभ्यासवर्गात एका साथीने जोरात आक्षेप घेतला : "बाबासाहेबांनी मनुस्मृती जाळली ती कशासाठी? माणूस बघून शिक्षा ठरवत होती म्हणूनच ना? मग आता तुम्ही परत माणूस बघूनच दंड ठरवा म्हणता?"

आक्षेप दमदार आहे, टाळता येणार नाही. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात शिवीगाळीचा दंड लिहिला आहे. ब्राह्मणाला अपशब्द बोलणाऱ्या क्षत्रियाला शंभर पण, वैश्याला दीडशे किंवा दोनशे, शूद्राला शारीरिक शिक्षा. उलट ब्राह्मणाने अपशब्द वापरले तर क्षत्रियासाठी पन्नास, वैश्यासाठी पंचवीस, शूद्रासाठी बारा. २५ डिसेंबर १९२७ ला महाडमध्ये जे जळाले त्यात हे दरपत्रकही होते. पण नीट वाचा. मनूने जन्म बघितला, आणि खाली जाईल तशी शिक्षा वाढवली. आम्ही जन्म बघायला सांगत नाही, मिळकत बघायला सांगतो, तीही एवढ्यासाठी की शिक्षा दोघांना सारखीच लागावी. संविधानाच्या कलम १४ चा अर्थ लावतानाही न्यायालयांनी असमान परिस्थितीतल्यांना डोळे मिटून एकाच मापाने मोजा असे सांगितलेले नाही. शिष्यवृत्तीला उत्पन्नाचा दाखला मागतात तेव्हा आपण त्याला मनुवाद म्हणत नाही.

फिनलंडमध्ये १९२१ पासून दंड माणसाच्या रोजच्या मिळकतीवर ठरतो. २०२३ मध्ये अँडर्स विकलॉफ नावाच्या एका कोट्यधीशाने ५०च्या रस्त्यावर ८२ने गाडी चालवली. दंड १ लाख २१ हजार युरो. तिथल्या कामगाराने तेच केले असते तर त्याच्या पगाराच्या मानाने. कुणाचे आकाश कोसळले नाही.

आणखी एक गोष्ट. शिक्षा लिहिलेल्या नियमातच असते असे नाही. पुण्यात पिच तयार करणारे पळवंकर बाळू पुढे १९११च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेऊन आले, पण पुण्यातल्या हिंदू संघात त्यांचा चहा पॅव्हेलियनच्या बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. हिंदू संघाचे कॅप्टनपद त्यांना कधीच मिळाले नाही. हा दंड कोणत्या गुन्ह्याचा? म्हणून नियमाइतकेच कमिटीत कोण बसते तेही बघावे लागते. आमच्या टर्फवरच्या कमिटीत चारही जण प्रवेश फीचे पैसे लावणारे होते. रोजंदारीवर जाणारा एकही नाही.

एप्रिलमध्ये जयंतीनिमित्त आपली स्वतःची स्पर्धा आहे. त्यासाठी आम्ही काही नियम सुचवले आहेत. मैदानावरच्या धडकेला पैशाचा दंड अजिबात नको. मुद्दाम मारले तर एक सामना बाहेर, आणि त्या सामन्यात लाइनवर झेंडा घेऊन उभे राहायचे. लागलेल्या पोराच्या औषधपाण्याचा खर्च प्रवेश फीतून बाजूला काढायचा. निर्णय देणाऱ्या तिघांत एक खेळाडूंनी निवडलेला. यावरही वाद झाला. एक जण म्हणाला, बंदीसुद्धा सारखी नसते, कारण ज्याला आठवड्यातून एकच सुट्टी मिळते त्याचा तो एकच रविवार जातो. बरोबर आहे. याचे उत्तर आमच्याकडे पूर्ण तयार नाही, सामने कामगार पोरांच्या सुट्टीप्रमाणे लावायचे एवढेच सध्या ठरले आहे.

जर्सी देऊन गेलेला तो पोरगा त्यानंतर मैदानावर आलेला नाही. येत्या रविवारी आम्ही दोघे-तिघे त्याच्या घरी जाणार आहोत. नियमांचा कच्चा कागद सोबत नेऊ. त्याला त्यात काय खोडायचे असेल ते आधी खोडू द्या, मग बाकीच्या संघांना पाठवू.

जय भीम.