तपासणी दोघांचीही हवी

भोसरीतील माझ्या दवाखान्यात अधूनमधून एखाद्या सासूबाई सुनेला घेऊन येतात. हातात तिच्या तपासण्यांची जाडजूड फाइल असते. ‘लग्नाला चार वर्षे झाली, घरात पाळणा हलला नाही,’ असे त्या सांगतात. मुलाची तपासणी झाली का, असे विचारले की उत्तर येते, ‘त्याला काय धाड भरली आहे?’

वस्तुतः मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी सुमारे निम्म्यांत पुरुषाकडील दोष हे एकमेव किंवा अंशतः कारण असते. धडधाकट शरीरावरून तो ओळखता येत नाही.

शुक्रजंतूला स्त्रीबीजापर्यंत पोहत जावे लागते. शेपटी हलवण्याची ऊर्जा त्याला शर्करेतून आणि काही अंशी स्निग्धाम्लांतून मिळते. त्याचे आवरणही मुख्यतः स्निग्ध द्रव्यांचेच असते. त्यांतील डीएचए या ओमेगा-३ स्निग्धाम्लामुळे ते लवचीक राहते. मात्र हीच स्निग्धाम्ले नाजूक असतात. उघडे ठेवलेले जवसाचे तेल जसे खवट होते, तशीच तीही ऑक्सिजनच्या उपद्रवी रूपांमुळे बिघडतात. मग ऊर्जानिर्मिती मंदावते आणि शुक्रजंतूंची गती खुंटते. धूम्रपान, तंबाखू, लठ्ठपणा आणि अंडकोशातील फुगलेल्या शिरा या बिघाडाला हातभार लावतात. उष्णताही घातक ठरते. कारण वृषणांना शरीराहून दोन ते चार अंश कमी तापमान लागते. आपल्या एमआयडीसीत भट्टीजवळ काम करणाऱ्यांनी हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

आहारात जवस, अक्रोड, चालत असल्यास बांगडा जरूर असावा. पण त्याला उपचार समजू नये. शक्तिवर्धक गोळ्यांच्या जाहिरातींनाही भुलू नये. अमेरिकेतील २,३७० जोडप्यांवरील चाचणीचे निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाले. पुरुषांना झिंक व फॉलिक आम्ल देऊनही अपत्यजन्माचे प्रमाण वाढले नाही.

वर्षभर प्रयत्न करूनही गर्भ राहिला नाही, सुनेचे वय पस्तिशीपुढे असल्यास सहा महिन्यांतच, दोघांचीही तपासणी एकाच वेळी सुरू करावी. वीर्यतपासणी सोपी असते. त्यापूर्वी दोन ते सात दिवस संयम पाळावा लागतो; दोष आढळल्यास ती पुन्हा करावी. नवे शुक्रजंतू तयार होण्यास सुमारे अडीच ते तीन महिने लागतात, म्हणून तंबाखू सोडल्याचा परिणाम दिसेपर्यंत धीर धरावा.

घरात वडीलधाऱ्यांच्या शब्दाला मान असतो. तो शब्द सुनेला दोष देण्यासाठी खर्ची घालू नका. ‘बाळा, तूही तपासून घे,’ एवढे मुलाला मायेने सांगा. सुनेच्या मनावरचे निम्मे ओझे तेथेच उतरेल.