वीस इंचांची नळी

नोव्हेंबर जवळ आला की पेनसिल्वेनियातल्या मराठी वाचकांकडून हमखास विचारणा होते: हरणासाठी पहिली लिव्हर-ॲक्शन रायफल घ्यायची आहे, नळी १६ इंचांची घ्यावी, २० की २४? मी इथे थर्टी-थर्टी काडतुसापुरतंच बोलतो. दाट रानातल्या शिकारीला मला तेच योग्य वाटतं.

बहुतेकांना काळजी असते ती वेगाची. काडतुसांच्या डबीवर १७० ग्रेनच्या गोळीचा वेग सेकंदाला २२०० फूट छापलेला असतो, पण तो २४ इंची चाचणीच्या नळीतून मोजलेला असतो. नळी एक इंचाने कमी झाली की साधारण २०-२५ फूट वेग घटतो. म्हणजे २० इंची नळीत शंभरेक फुटांची घट. शंभर यार्डांवर त्यामुळे गोळी इंचभरसुद्धा जास्त खाली जात नाही, आणि ओक-हेमलॉकच्या गर्दीत हरीण बहुतेक वेळा त्याहून जवळच दिसतं. एवढ्या फरकासाठी लांब नळी खांद्यावर वागवायची गरज नाही.

लांब नळीची खरी बाजू वेगळी आहे आणि ती मला मान्य आहे. दुर्बीण न लावता उघड्या माशीने नेम धरणाऱ्याला मागची खाच आणि पुढची माशी यांत जितकं अंतर जास्त, तितकी नेमातली चूक कमी होते. चाळिशी ओलांडलेल्या डोळ्यांना दूरची माशी स्पष्टही दिसते. शिवाय पुढे वजन असल्यामुळे उभ्याने नेम धरताना नळी कमी डुलते. १८९४च्या विंचेस्टरची मूळ रायफल २६ इंची होती, ती काही उगीच नव्हे. पण त्याच बंदुकीची २० इंची कार्बाइन लोकांनी जास्त उचलली. घोड्यावर, होडीत, झुडपांत तीच सोयीची. मार्लिनची १९४८ साली आलेली ३३६सुद्धा २० इंची नळीनेच ओळखली जाते. लांब नळीचा फायदा हवाच असेल, तर मागची खाच काढून ॲक्शनच्या मागच्या टोकाला भोकाची पीप साइट बसवा. माशीपर्यंतचं अंतर वाढतं आणि नळी आहे तेवढीच राहते.

१६ इंचीची सध्या फार चलती आहे. फोटोत ती देखणी दिसते, मचाणावर फांद्यांत अडकतही नाही. पण नळीचं तोंड कानाजवळ आलं की धमाका आणि झळ दोन्ही अंगावर येतात, आणि नवखा माणूस चाप ओढण्याआधीच दचकायला शिकतो. दचकून सुटलेली गोळी फुप्फुसांऐवजी पोटात बसते आणि ते जनावर रात्रभर कुठेतरी तडफडत राहतं. माझा आक्षेप इथे आहे. नळीखालची काडतुसांची नळकांडीही आखूड होते, एखाददुसरं काडतूस कमी मावतं, पण ते मी क्षम्य समजतो. शिवाय अमेरिकेच्या १९३४च्या कायद्यामुळे १६ इंचांखालच्या नळीची रायफल नोंदणीशिवाय बाळगता येत नाही, म्हणजे १६ इंची नळी नंतर तोंडाशी खराब झाली तर कापून नीट करायलाही जागा उरत नाही. थ्री-फिफ्टी-सेव्हन मॅग्नमसारखं पिस्तुलाचं काडतूस वापरणार असाल तर गोष्ट निराळी. त्याची दारू लवकर जळून जाते, १६-१८ इंचांपुढे वेगात फारशी भर पडत नाही आणि धमाकाही सौम्य असतो.

तेव्हा पहिली रायफल २० इंचीच घ्या. दुकानात ती हातात घेताना अंगात शिकारीचा जाड कोट असू द्या आणि उभ्याने नव्हे, बसून खांद्याला लावा. दस्ता काखेत अडकला, तर एखाद्या कारागिराकडून तो अर्धा इंच कमी करून घ्या. मग काडतुसांच्या दोन-तीन डब्या शंभर यार्डांवर संपवा, कानांवर संरक्षक लावून, टेबलाचा आधार सोडून. हंगामापूर्वी एवढा वेळ मिळणार नसेल, तर या वर्षी गोळी झाडू नका.